लॅपटॉपमधली त्याची जागा

नवरा गेल्यावर त्याचे कपडे, बूट, चष्मे मी महिन्याभरात वाटून टाकले. लॅपटॉप तेवढा ठेवला, कारण तो माझ्याही कामाचा होता. मी शाळेत भूगोल शिकवते. प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, सगळं त्यावरच असतं.

नवरा कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीत मालाच्या कागदपत्रांचं काम बघायचा, पण खरा नाद कॉम्प्युटरचा. त्याने डिस्कचे दोन भाग केले होते. एकात माझं विंडोज, दुसऱ्यात त्याचं लिनक्स. लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, त्यानेच रोमन अक्षरांत टाकलेल्या. वर ‘माझं’, खाली ‘तुझं’. बाण वेळेत खाली नेला नाही, तर त्याचंच सुरू व्हायचं.

“स्वतःला बरं वर ठेवलंस,” मी म्हणायचे.

“तुझे गुडघे दुखतात ना, म्हणून तळमजला दिलाय तुला.”

यंदा दुर्गापूजेच्या सुट्टीआधी विंडोजचं अपडेट अडकायला लागलं. अर्ध्यावर जायचं, जागा अपुरी असल्याचं सांगायचं आणि परत फिरायचं. जुन्या फायली पुसल्या, फोटो हलवले, तरी तेच. आणि शाळेचं गुण भरायचं नवं सॉफ्टवेअर त्या अपडेटशिवाय चालेना. शेवटी मी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बंगाली सहकाऱ्याला बोलावलं. तो मला पहिल्यापासून बौदी, म्हणजे वहिनी म्हणतो.

रविवारी सकाळीच तो आला. डिस्क उघडून त्याने दोन्ही भाग दाखवले. माझा भाग काठोकाठ भरलेला, नवऱ्याचा जवळपास रिकामा.

“दादांचा भाग लहान करून तुमचा वाढवता येईल, बौदी. पण सगळं सरकवायला संध्याकाळ होईल. नाहीतर त्यांचा भाग काढूनच टाकायचा. ते लगेच होतं.”

“त्यात आहे काय त्याचं?”

“फायली आहेत. त्या मी बाहेरच्या डिस्कवर घेतो. काही जाणार नाही.”

मला गुण भरायचे होते. शिवाय लिनक्स मला कधी वापरायचंच नव्हतं.

“मग काढून टाका,” मी म्हटलं.

त्याने फायली उतरवल्या, तो भाग पुसला, माझा भाग पार शेवटपर्यंत ताणला. अपडेट एका दमात झालं. मी खूश होऊन त्याला पोहे केले. दुपारी बसून गुणही भरून टाकले.

सोमवारी शाळेतून आल्यावर लॅपटॉप उघडला. काळा पडदा आलाच नाही. थेट निळं चित्र आलं, पासवर्ड मागत. माझं बोट मात्र खालच्या बाणावर गेलेलं होतं.

बाहेरच्या डिस्कवर शोधलं. नवऱ्याच्या फायली होत्या, फोटो होते, त्याने हौसेने करायला घेतलेली अर्धवट भाषांतरं होती. त्या दोन ओळी कुठेच नव्हत्या. सहकाऱ्याला फोन केला.

“तो मेनू फायलींत नसतो, बौदी. त्या भागाबरोबर गेला.” मग म्हणाला, “आधी बोलला असतात, तर थांबलो असतो मी संध्याकाळपर्यंत. पुन्हा करून देऊ का तसाच?”

नको म्हटलं. त्याचा काही दोष नव्हता. त्या दोन ओळी गेल्यावर मला इतकं लागेल, हे मला तरी आदल्या दिवशी कुठे ठाऊक होतं?