दाजींची सागवानी बोट

ज्या गावात उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, त्या गावात स्वतःच्या मालकीची मोटारबोट असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आता हे वाक्य मी सरावानं बोलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नांदेडला घरी जेवायला बसलो होतो. "भाऊ," अक्का फोनवर म्हणाली, "ह्यांनी बोट आणलीय." मी विचारलं, "कसली बोट?" तर म्हणाली, "बसायची. लाकडाची. दारात ट्रॅक्टरवर उभी हाय, अन् सगळं मुखेड बघून राहिलंय." मी शाळेत भूगोल शिकवतो. बंदरं, खाड्या, भरती-ओहोटी हे सगळं मला फळ्यावर तोंडपाठ आहे. पण प्रत्यक्ष बोटीत मी उभ्या आयुष्यात पाय ठेवलेला नाही, आणि आमच्या घराण्यात कुणी ठेवील असंही कधी वाटलं नव्हतं.

खरं तर मला धक्का बसायला नको होता. दाजींचं मुखेडला मोटार भरायचं दुकान आहे. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी जळाल्या की त्यांच्याच हाताखालून जातात. हातात जादू आहे, डोक्यात मात्र काय आहे ते अक्कालाही अजून कळलेलं नाही. लग्नातच त्यांनी चुणूक दाखवली होती. ऐन मुहूर्तावर जनरेटर बंद पडला, मंडपात काळोख झाला, आणि पाहतो तर नवरदेव गायब. मुंडावळ्या मागं टाकून हे मांडवामागं जनरेटर उघडून बसले होते. मंगलाष्टकं वेळेवर झाली, पण लग्नाच्या प्रत्येक फोटोत अक्काच्या शालूवर पाच बोटांचा काळा ठसा आहे. वडील संतापले, तर दाजी शांतपणे म्हणाले, "असू द्या की मामा. उजेड तर पडला." हे "असू द्या की" आम्ही पुढं जन्मभर ऐकणार होतो. एसटीचं मोडीत निघालेलं बाकडं त्यांनी बैठकीत आणून टाकलं तेव्हाही असू द्या की. अजूनही त्यावर बसलेला पाहुणा आपोआप खिडकीकडं सरकतो. एका बंद पडलेल्या शाळेची पितळी घंटा त्यांनी स्वयंपाकघरात टांगली. जेवणाचं ताट वाढलं की ती वाजवायची आणि शेजारची चार पोरं आमची सुट्टी झाली म्हणून ओरडत घरात शिरायची, तरी असू द्या की. दाजी कधी आवाज चढवत नाहीत आणि कुठलीही गोष्ट करण्याआधी सांगत नाहीत. आधी करतात, मग चहा मागवतात, मग सांगतात.

त्या दिवशी ते देगलूरला तांब्याची तार आणायला गेले होते. तिथल्या एका भंगारवाल्याकडं ही बोट उलटी पडलेली होती. पलीकडं तेलंगणातल्या कुठल्याशा तलावावर एका शौकीन माणसानं पूर्वी ती हौसेनं ठेवली होती म्हणे. अस्सल सागवान, पितळी कड्या, चौघांना बसायला दोन बाकं आणि मागं गंजून गेलेलं इंजिन. दाजी तार विसरले आणि बोट घेऊन आले. तेही बाजाराच्या दिवशी! भर बाजारातून ट्रॅक्टर चालला होता. एका म्हातारीनं रथ समजून हात जोडले. एका शेतकऱ्यानं बोटीला चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "समदं बराबर हाय, पर ह्याला बैल कुठं जुंपायचे?"

पुढच्याच रविवारी मी मुखेडला जाऊन थडकलो. चांगलं खडसावायचं ठरवूनच गेलो होतो. "दाजी, अहो दोन लहान लेकरं आहेत पदरात, आणि तुम्ही हे काय करून राहिले?" दाजींनी आतून थोरलीची चित्रकलेची वही आणली. माझी थोरली भाची तेव्हा सात वर्षांची आणि धाकटी चार. बाईंनी वर्गाला 'पाणी' या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं. थोरलीनं टँकर काढला होता. टँकरला नळी, नळीभोवती घागरी, आणि दोन बाया एकमेकींचे केस ओढताहेत. बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला होता. "मेव्हणे," दाजी म्हणाले, "माझ्या लेकरांना पाणी म्हणलं की भांडण दिसतंय. हे बरं न्हाई." माझी भाषणाची सगळी तयारी तिथंच वाया गेली. पण अक्काची गेली नव्हती. ती दारातूनच म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तरंगली तर तरंगली. न्हाई तर मी तिचं फडताळ करून घेणार. अन् तरंगली तरी माझी लेकरं त्यात बसणार न्हाईत, सांगून ठेवते."

आता अवघी सहा महिन्यांची मुदत मिळाल्यावर शहाणा माणूस घाबरला असता. दाजींनी इंजिन सुटं करून दुकानात नेलं आणि बोटीसाठी एका म्हाताऱ्या सुतारचाचांना बोलावलं. चाचांनी आयुष्यभर बैलगाड्या केलेल्या. त्यांनी फळ्यांच्या फटीत नख घातलं आणि मान हलवली. "लकडी सूखके काँटा हो गई मियाँ. इसको पहले पानी पिलाव." दाजींना ते ताबडतोब पटलं, कारण गाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली की चाक ओढ्यात टाकून ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगून धाव घट्ट बसते, हे शेतकऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मे महिन्यात मुखेडात ओढा कुठून आणणार? तर यांनी पोती ओली करून बोटीवर पांघरायला सुरुवात केली. प्यायला घागरभर पाणी मिळवायची मारामार, आणि हा माणूस लाकडाला अंघोळ घालतोय! अक्कानं हंडा हातात असतानाच पकडलं. "घरातला एक तांब्या जरी त्या लाकडाला गेला ना," ती म्हणाली, "तर फडताळसुद्धा न्हाई, बंबात घालीन." त्या दिवसापासून पोती वाळली ती पावसाळ्यापर्यंत.

त्या वर्षी देवाच्या कृपेनं पाऊस बरा झाला, जवळचं धरण भरलं. दिवाळीच्या सुट्टीत मच्छीमारांची परवानगी काढून दाजींनी बोट ट्रॅक्टरवरून धरणाच्या फुगवट्यावर नेली. अक्का आली नाही. दोन्ही पोरींचे हात धरून मी काठावर उभा होतो. आसपासच्या वस्तीवरची पन्नासेक माणसं जमली होती. नारळ फुटला, हार घातला, दहाबारा जणांनी जोर लावून बोट पाण्यात लोटली. आणि माझ्या डोळ्यांदेखत, पुरती पंधरा मिनिटंही झाली नसतील, ती भसाभस पाणी घेऊन कंबरभर पाण्यात बसली. वर नुसता झेंडूचा हार तरंगत राहिला. मी ओरडलो, "अहो दाजी, बुडाली! धरा कुणीतरी!" दाजी काठावर बसून शेंगा सोलत होते. "बुडू द्या की," ते म्हणाले. "आत्ता कुठं प्यायला लागलीय." माणसं एकेक करून, मयतीहून परतावं तशी, गुपचूप निघून गेली. एका आजोबांनी तर दाजींच्या खांद्यावर हात ठेवून "जे झालं ते झालं, लेकरांकडं बघा" असं सांत्वनही केलं. पोरी मात्र घरी पोचल्या त्या नाचतच, "आई, आपली बोट बुडाली!" दुसऱ्या दिवशी अक्कानं सुतारचाचांना फडताळाचं माप घ्यायला बोलावलं. चाचांनी भिंतीचं माप घेतलं, चहा प्यायला आणि जाता जाता म्हणाले, "बेटी, पाच दिन रुक जाव."

पाचव्या दिवशी घमेल्यांनी पाणी उपसलं. बोट वर आली ती पुन्हा खाली गेली नाही. मी आत वाकून फळ्यांवर हात फिरवला, सगळ्या फटी मिटल्या होत्या. दाजींनी इंजिन बसवलं. नांदेडहून मी जाकिटं नेली होती, फुगणारी नारिंगी. चारच नेली होती, कारण आपण बसायचं नाही हे माझं पक्कं ठरलेलं होतं. आणि तेवढ्यात अक्का रिक्षातून उतरली. पदर खोचला, जाकीट चढवलं आणि म्हणाली, "आधी मी. माझी खात्री झाल्याबिगर लेकरं न्हाईत."

बोट फटफट करत गेली आणि मधोमध जाऊन थांबली. आवाज बंद. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी इकडं हाका मारून मारून घसा कोरडा केला, तरी दोघांपैकी एकानं मान वळवली नाही. बहिणीला बुडवायला निघालेल्या त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी अर्ध्या तासानं इंजिनाचा आवाज आला. बोट काठाला लागली तसा मी दाजींवर धावूनच गेलो, "मधेच बंद कसं पडलं हो तुमचं इंजिन?" अक्काच म्हणाली, "बंद पडलं न्हाई, मी बंद करायला लावलं. एवढं पाणी भाऊ, अन् भरायला कुणीच न्हाई. जरा बघत बसले." तिचे डोळे ओले होते. तिनं ते पुसलेही नाहीत. मग पोरींकडं वळून म्हणाली, "चला गं."

चौघं गेली. धाकटी दाजींच्या मांडीवर बसली होती आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून ओरडत होती. काठावर चार जणांच्या चपला राखत मी बसून राहिलो. मला चला म्हणायला पाचवं जाकीटच नव्हतं, आणि तसं मी ठरवून केलं होतं. तरी वाईट वाटलं, ते वाटलंच.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नक्की बसणार होतो. पण नंतरच्या पावसाळ्यानं दगा दिला. धरणात पाणी चढलं नाही, आणि बोट मच्छीमारांच्या झोपडीमागं छपराखाली उभी आहे. दाजी दर रविवारी फोन करतात. "मेव्हणे, पाचवं जाकीट घेऊन ठिवलंय." मी म्हणतो, जागा कुठाय पाचव्याला? तर म्हणतात, "धाकटी मांडीवर मावतीय की अजून. तवर या म्हणजे झालं." धाकटीला आता सहावं लागलंय आणि मागच्या भेटीत ती मला चांगलीच उंच वाटली. हल्ली रोज सकाळी पेपर आला की मी आधी धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी वाचतो.