शोक ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी

ज्वारी पाखडताना सुपाच्या कोपऱ्यात खडे साठत जातात, तसे काही माणसांभोवती किस्से साठतात. खडे आपण फेकून देतो. हे मात्र मी अजून सुपातच ठेवले आहेत. नेकनूरच्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर शिकवले, आणि चुकीचे वाक्य सुधारल्यावाचून एकाही मुलीला खाली बसू दिले नाही. माझ्या विद्यार्थिनी आज आज्या झाल्या, तरी हे कानाला हात लावून सांगतात! तेव्हा पुढील मजकुरात जे अशुद्ध आढळेल, ते ज्याच्या त्याच्या तोंडचे आहे, आणि ते मी जाणूनबुजून तसेच ठेवले आहे.

हे सारे निजामाच्या राज्यातले. लिंबागणेशच्या दाजीबा गुरवांचे, आणि त्यांच्या सनईपायी वेड्या झालेल्या आम्हा मंडळींचे.

*

सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची एक नाजूक पत्ती असते. ती ओली नसेल, तर सूर फुटत नाही. इतर वाजंत्री पत्ती पाण्याच्या वाटीत भिजवीत. दाजीबा ती गालात धरून भिजवीत. त्यामुळे वाजवण्यापूर्वी त्यांना काही विचारणे व्यर्थ असे. फार तर ‘हूं’ मिळे.

नेकनूरच्या एका लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा, अक्षता वाटून झालेल्या, आणि दाजीबा गाल फुगवून आढ्याकडे पाहत बसलेले. वरपिता घामाघूम झाला.

“दाजीबा, मुहूर्त चाललाय की! वाजवा!”

दाजीबांनी पत्ती या गालातून त्या गालात सरकवली.

वरपिता भटजींकडे धावला. “अवो, तुमी तरी सांगा त्येन्ला!”

भटजी स्वतः सनईचे वेडे. त्यांनी शांतपणे पंचांग मिटले आणि म्हणाले, “पंचांगाचं काय घेऊन बसलात? ती पत्ती भिजली, की मुहूर्त!”

*

आमच्या भागात तेव्हा एक नवे अमीनसाहेब आले होते. अमीन म्हणजे त्या काळचा पोलिसांचा अधिकारी. उंच घोडा, करकरणारे बूट, आणि कपाळावर कायमची आठी.

चतुर्थीला ते लिंबागणेशच्या देवळापाशी आले आणि बुटांसह सभामंडपाच्या उंबऱ्यावर उभे राहिले. दाजीबांच्या गालात पत्ती! बोलणार कसे? त्यांनी सनईचे रुंद तोंड अमीनसाहेबांच्या बुटांकडे रोखले. सगळे देऊळ त्या बुटांकडे पाहू लागले. शेवटी अमीनसाहेबांनीही खाली पाहिले.

“काय म्हणतो हा?”

दाजीबांच्या मागे बसून अखंड एकच सूर धरणारा त्यांचा जोडीदार भिवा अदबीने म्हणाला, “सायेब, ते म्हनत्यात, आदी बूट काढा, मंग ऐका.”

“मी ड्युटीवर आहे. ड्युटीवर बूट निघत नाहीत!” असे म्हणून अमीनसाहेब ताडताड निघून गेले.

घोडा मात्र सनई संपेपर्यंत देवळामागच्या चिंचेखाली उभा असलेला अनेकांनी पाहिला. घोड्याला गाण्याचे अंग आहे, असा निष्कर्ष गावाने काढला!

*

दाजीबा हिवाळ्यात गेले. चार दिवसांचा ताप, आणि संपले.

मी त्यांच्या पत्नीला, गयाबाईंना, भेटायला गेले. मूलबाळ नव्हते. राहते घर देवाच्या सेवेचे. सेवा संपली, की घर सोडायचे. तेरावा झाला, की भाऊ गाडी घेऊन येणार आणि त्यांना कायमचे केज गावापलीकडे माहेरी नेणार, हे ठरलेले होते.

“बाई,” त्या म्हणाल्या, “ह्यांची सनई म्या रोज ऐकली. पर लोकं ह्यांना काय म्हनत्यात, ते कंदी ऐकलं न्हाई. म्या चुलीपाशी, मानसं देवळात. घरी आल्यावर इचारावं, तर ह्यांच्या गालात पत्ती! जायच्या आदी येकदा ते माज्या कानावर पडू द्या. मंग कुटंबी जाईन.”

मी शब्द दिला. आणि शब्द, मग तो दिलेला असो वा लिहिलेला, अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही.

*

अडचण अशी, की चार माणसे जमवून शोकसभा करायची, तरी सरकारची परवानगी लागे. आणि कोण काय बोलणार, ते आधी लिहून कचेरीत द्यावे लागे. दाजीबांच्या भक्तांपैकी बहुतेकांनी लेखणी कधी हातात धरलेली नव्हती. म्हणून दाजीबांच्या साऱ्या श्रद्धांजल्या माझ्या शाळेच्या ओसरीवर लिहिल्या गेल्या. सांगणारे ते, लिहिणारी मी.

सर्वांत आधी आला कोंडिबा धनगर.

“बाई, माज्या मेंढरांच्या नावानं लिव्हा.”

“मेंढ्यांच्या नावाने कशी लिहिणार?”

“कावून? सनई सुरू झाली, की समदा कळप जाग्यावर बसायचा. म्या काठ्या मारून बी बसत न्हाईत कंदी! आता त्येन्लाबी दुख हाय.”

मी सांगितले, “कोंडिबा, कागदाखाली सही लागते. मेंढीची सही कोठून आणू?”

तो गंभीरपणे विचार करून म्हणाला, “ते बी खरंच. अंगठा तरी कुटं हाय तिला!”

*

त्याच्यानंतर आली सखूबाई. शेतावर राहणारी, बोलायला फटकळ. खाली बसण्याआधीच तिने सुरुवात केली.

“लिव्हा! ह्या दाजीबापायी माजी इज्जत गेली.”

मी लेखणी थांबवली. “सखूबाई, ही श्रद्धांजली आहे.”

“मंग? खरं सांगा म्हनलाव ना तुमी? माज्या थोरलीची पाठवनी त्यानं अशी वाजवली, अशी वाजवली, की म्या ऐकतच ऱ्हायले. रडायचंच इसरले! लेक गाडीत बसून गेली, आन् म्या तोंड उघडं टाकून हुबी. विहीन म्हनली, आई हाय का दगूड? धाकटीच्या टायमालाबी त्येच! दोन लेकी दिल्या, पर डोळ्यातून टिपूस न्हाई. अजून लोकं बोलत्यात!”

“मग यात दाजीबांची स्तुती कोठे आहे?”

सखूबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मीच पहिलीत शिकत होते!

*

भिवा शेवटी आला. दाजीबा सनईवर वाटेल तसे हिंडत. भिवा मागे बसून एकच सूर न तोडता धरून ठेवी. साऱ्या हयातीत त्याने दुसरा सूर लावल्याचे कोणी ऐकले नव्हते. दाजीबा गेल्यापासून देवळात सनई वाजली नव्हती. पुजारी, गावकरी, सगळे भिवाच्या विनवण्या करून थकले. त्याचे उत्तर एकच: “त्याची पत्ती त्याच्या गालात वली व्हायची. कोरड्या पत्तीला म्या तोंड लावनार न्हाई.”

मी कोरा कागद पुढे घेतला. “सांगा.”

त्याने कागदाकडे पाहिले. मग म्हणाला, “लिव्हा, मी हाय.”

“पुढे?”

“झालं.”

“भिवाजी, हे वाक्य अपुरे आहे. मी आहे, म्हणजे कोण आहे? कोठे आहे?”

“वाजवताना त्यो कंदी मागं बगायचा न्हाई, बाई. मी हाय, ह्ये त्याला म्हाईत व्हतं. आता कुटं असंल तिथं मागं बगत असंल. त्येला येवढंच कळवा.”

मी ‘मी आहे.’ असे लिहिले, आणि पूर्णविराम दिला. त्या वाक्यात मला काहीही सुधारता आले नाही.

*

कागद कचेरीत गेले. दोन दिवसांनी मला बोलावणे आले. तेथील पेशकाराने, म्हणजे कागद तपासणाऱ्या कारकुनाने, चष्मा पुसला आणि माझ्यापुढे कागद पसरले.

“बाईसाहेब, ये मेंढियाँ कौन हैं? रयत?”

“मेंढ्याच आहेत.”

“जो हुक्म बगैर बैठ जाती हैं?”

“सनई ऐकून बसतात.”

“और ये देखिए. ‘मी आहे.’ कौन है? किसको इशारा है?”

मी माझ्या वर्गात वापरत असे त्या आवाजात त्याला समजावले. परंतु त्याला माझ्या वर्गात बसण्याचे भाग्य लाभलेले नव्हते. कागद शिक्का मारून परत मिळाले आणि खाली हुकूम आला: ‘शोक करण्यास हरकत नाही. मात्र एकत्र जमून करू नये. ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी करावा.’ बंदोबस्ताचे काम अमीनसाहेबांकडे सोपवले होते.

“त्यो बुटाचा राग काढनारच!” असे जो तो म्हणू लागला. तेरावा उद्यावर आला होता. ओसरीवर मी हुकूम वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. गयाबाईंना आता काय सांगावे, हे मला सुचेना.

कोंडिबा तेवढा म्हणाला, “बाई, परत वाचा. आपापल्या ठिकानी?”

“होय.”

“मंग माजं ठिकान म्हंजी जितं मेंढरं, तितं. आन् मेंढरं उद्या वाटंवरच हायती की!”

*

तेराव्यानंतर भावाने गाडी जुंपली. गयाबाईंना सोबत म्हणून मी नेकनूरच्या शिवेपर्यंत त्यांच्या शेजारी बसले. आणि त्या वाटेवर, प्रत्येक बांधावर, प्रत्येक दारात, एकेक माणूस उभा! शेजाऱ्यापासून लांब, आपल्याच जागेवर, एकटा. मी लिहिलेले कागद हातात; वाचता कोणालाच येत नव्हते, पण पाठ सर्वांना होते. गाडी जवळ आली, की तो बोलायचा आणि गाडी पुढे जायची. भटजींनीही आपल्या ओट्यावरून पत्तीचा तो किस्सा सांगितला.

अमीनसाहेब घोड्यावरून थोडे अंतर राखून मागे येत होते.

पुढे वाटेवर कळप आडवा बसलेला. गाडी थांबली. अमीनसाहेब गरजले, “हा जमाव कसला?”

कोंडिबा हात जोडून म्हणाला, “सायेब, मानूस येकलाच हाय. बाकीची मेंढरं हायती!” आणि त्याने सावकाश, एकही शब्द न गाळता, आपले भाषण पूर्ण केले.

सखूबाई आपल्या बांधावर कमरेवर हात ठेवून सज्ज होती. “गयाबाई, तुज्या नवऱ्यापायी माजी इज्जत...” एवढेच ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडू लागली. आम्ही पुढे गेलो, तरी मागून तिची हाक येत होती: “बाई, कागुद बदला! रडले म्या! रडले म्हनून लिव्हा!”

गयाबाई मात्र साऱ्या वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. प्रत्येकासमोर मान लवायची, डोळे पुसायचे, बस्स. इतकी माणसे उन्हात उभी. निदान ‘बरं हाय, दादा’ एवढे तरी म्हणावे! मला ते खटकले, आणि मी तसे सांगितलेही.

“हूं,” त्या म्हणाल्या.

नेकनूरच्या शिवेवर, दगडापाशी, भिवा उभा होता. काखेत दाजीबांची सनई, फडक्यात गुंडाळलेली. देवळातून ती त्याच्याकडेच आली होती. गाडी थांबली.

“वैनी,” तो म्हणाला, “मी हाय.”

गयाबाई गाडीतून खाली उतरल्या. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग तोंडात दोन बोटे घालून त्यांनी गालातून दाजीबांची पत्ती काढली आणि भिवाच्या तळहातावर ठेवली.

“वली हाय,” त्या म्हणाल्या. “वाजवा.”

भिवाने सनईचे फडके सोडले. भाऊ खाली उतरला होता, मीही उतरले होते. आम्ही चौघे एका जागी उभे होतो. मागून टापांचा आवाज जवळ आला आणि थांबला. आता हुकूम ऐकावा लागणार, म्हणून मी वळून पाहिले.

अमीनसाहेब घोड्यावरून उतरले. शिवेच्या दगडावर बसले, आणि खाली वाकून बुटांचे बंद सोडू लागले.