साडूंची सुतळी

परभणी जिल्ह्यात गेल्या दहाएक वर्षांत ज्यांच्या लग्नाचे फोटो स्वच्छ आले, त्यांनी हळदीचे किंवा पार्लरचे आभार मानू नयेत. ते सगळं तेज माझ्या साडूंच्या सुतळीचं आहे, आणि हे मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मानवतला त्यांचा फोटोचा धंदा. कॅमेरा मात्र नवशिकी पोरं घेतात तसला, अगदी पहिल्या पायरीवरचा. भरपूर उजेड असला की तो बिचारा मुकाट्याने फोकस धरतो. मांडवात जरा अंधारलं की त्याची लेन्स घर्रघर्र करत पुढं-मागं फिरते आणि शेवटी नवरानवरीला सोडून मागच्या झालरीवर जाऊन बसते. अंतरपाटाच्या वेळी तर विचारूच नका. कोऱ्या पांढऱ्या कापडावर त्याला काही सापडत नाही, आणि कापड खाली येऊन नवरानवरी एकमेकांना बघतात तेव्हाही हा शोधतच असतो. नवीन घ्या, असं मी साडूंना एकदाच सुचवलं. ते म्हणाले, "त्याची नजर कमी हाय, साडूभाऊ. नजर कमी झालेल्याला आपुन हात धरून नेतोत, का टाकून देतोत?"

हात धरायला त्यांनी सुतळी शोधून काढली. हातभर अंतरावर एकेक गाठ, आणि लेन्सच्या कड्यावर मेहुणीबाईंच्या नेलपॉलिशचे तेवढेच लाल ठिपके. कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा फोकस बंद करायचा, सुतळीचं एक टोक कॅमेऱ्याला बांधायचं, दुसरं नवरीनं हनुवटीपाशी धरायचं. मधल्या गाठी मोजायच्या आणि कडं तितक्याव्या ठिपक्यावर फिरवायचं. "धरा... ताणा... सोडा." सोडा म्हणताच सुतळी खाली, आणि फोटो असा की नथीतले मोती मोजून घ्यावेत. अंतरपाटाचं माप ते आधीच घेऊन ठेवतात. मग मंगलाष्टकं संपेपर्यंत कड्याला बोट लावत नाहीत, आणि माझी खात्री आहे की श्वासही घेत नाहीत.

यातून एक भलतंच झालं. पोखर्णीच्या एका लग्नात नवरदेवाच्या आत्याबाईंनी ती सुतळी पाहिली. मुलीकडची काही रीत असेल, असं समजून त्यांनी तिला हळदीकुंकू वाहिलं. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची रीत; त्यांनीही वाहिलं. साडूंनी त्याच हळद लागलेल्या सुतळीच्या गाठी मोजून फोटो काढले. आता त्या बाजूला "सुतळीचं झालं का?" असं विचारल्याशिवाय अक्षता वाटत नाहीत. अहो, खरं सांगायचं ना, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? हळद लागल्यापासून माणसं लय शांत उभी राहायलीत."

माझ्या मुलीच्या लग्नात मात्र माझी हसायची हिंमत झाली नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची, मान आणि हात त्या वर्षांत सारखे कापायचे. फोटोची वेळ आली की ते उठून जायचे. "दोन तोंडं येतात माझी," म्हणायचे. पण ही नात त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. लग्नाच्या सकाळी त्यांनी साडूंना बाजूला घेतलं. "पावणे, नातीसंगं एक फोटो काढा. त्याच्यात मी हाय, एवढं कळावं बस."

साडू तासभर काहीच करेनात. खुर्ची टाकून नुसते अण्णांकडे बघत बसले. चहा पिताना, पान लावताना, कुणाशी बोलताना त्यांचा हात कधी थांबतो, ते. मग नातीला शेजारी उभं करून त्यांनी सुतळीचं टोक अण्णांच्या मुठीत दिलं. "धरा, अण्णा. हनुवटीला टेकवा. आता ताणा." अण्णांनी विहिरीतून भरली बादली ओढावी तशी सुतळी ओढली. आधी हात थांबला. मग मान थांबली. मी समोर उभा होतो, माझा विश्वास बसेना. आम्ही सगळे 'सोडा' ऐकायला टपलेले, तर साडूंनी न बोलताच बटण दाबलं. "सोडा म्हणलो असतो, तर मान पुन्हा हलली असती," ते नंतर म्हणाले. "सुतळी येती तर येऊ द्या की फोटोत." त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. साडूच्या पाया पडायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून राहून गेलं.

पुढच्या पोळ्याच्या आधी अण्णा गेले. तो फोटो आता बैठकीत आहे. सुतळी पुसून देतो, असं फ्रेमवाला म्हणाला होता, मी नको म्हटलं. पोर हसते आहे, आणि शेजारी अण्णा, एकच तोंड, डोळ्यांतली बाहुली न् बाहुली स्पष्ट. त्यांच्या मुठीतून निघालेली सुतळी सरळ बघणाऱ्याकडे येते. साडू घरी आले की चहा घेण्याआधी त्या फोटोसमोर जरा वेळ उभे राहतात, आणि मीही त्यांच्या मागं जाऊन उभा राहतो. अण्णांनी टोक अजून घट्ट धरून ठेवलंय. साडूंनी त्यांना सोडा असं म्हटलंच नव्हतं.