मंजिरीची शर्यत आणि माझं कुंकू

मला पोहता येत नाही, पण पोहण्याची शर्यत बंद पाडता येते. मस्कतमध्ये हे बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय!

साल अठ्ठ्याण्णव असेल. आम्ही वादी कबीरला राहायचो. माझी नऊ वर्षांची मंजिरी क्लबात पोहायला शिकायची, इंग्रिडबाईंकडे. बाई एकेकाळी स्वीडनकडून पोहायच्या. मोठ्या शर्यतीत खांदा दुखावला, पदक वीतभराने हुकलं, आणि तेव्हापासून बाई काठावरूनच शिकवायच्या. पाण्यात उडी म्हणून नाही! नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या, आता आठवड्याभरात परत निघाल्या होत्या. जाण्याआधी मंजिरीने एक शर्यत पुरी केलेली त्यांना बघायची होती. आणि आमची पोरगी इतकी घाबरट, की दोनदा निम्म्यावर दोरी धरून रडत बसलेली.

अशा वेळी आईने काय करावं? मी कपडे बदलायच्या खोलीत ताम्हन काढलं. (काडेपेटी यांनी आधीच काढून घेतली होती.)

"अगं, ती पोहायला चाललीय, लढाईला नाही!" हे दाराबाहेरून कुजबुजले.

"तुम्ही गप्प बसा हो. परीक्षेला ओवाळते, मग आजच का नको?"

"आई, प्लीज! सगळे लाफ करतील!"

"वरून टोपी घाल, कुणाला दिसत नाही." आणि पाण्यात टिकायला हवं म्हणून मी कुंकू जरा सढळ हाताने लावलं. (सढळ म्हणजे अर्धा करंडा!)

शिट्टी झाली, पोरींनी उड्या मारल्या. मंजिरी निम्म्यावर पोचते न पोचते तोच टोपीखालून लाल धार! कुणीतरी किंचाळलं, "ब्लड! ब्लड!" शिट्ट्यांवर शिट्ट्या. बाकीच्या पोरी जागीच थांबल्या. आणि इंग्रिडबाईंनी चपलांसकट उडी मारली!

"अहो बाई, कुंकू आहे ते, कुंकू!" मी मराठीत ओरडतेय. ऐन वेळी इंग्रजी सुचेल तर शपथ!

काय पोहल्या हो बाई! जवळ जाताच त्यांनी टिळा ओळखला. (आमच्याकडे पुरणपोळ्या खाल्लेल्या, माझं कपाळ त्यांना पाठ होतं.) पण मंजिरीला वाटलं, मॅमसुद्धा शर्यतीत आहेत! मग तिने जे हात मारले, ते दोरीकडे बघितलंसुद्धा नाही. बाई शेजारून सावकाश, तिच्या हातभर मागे.

"आई! मी मॅमला हरवलं!"

"यस," धापा टाकत बाईंनी तिचा हात वर धरला. "शी वन."

त्यांचे डोळे लाल होते. माझेही होते, आणि मी तर कोरडी उभी होते.

शर्यत अर्थातच रद्द. पुन्हा घ्यायचं ठरलं, तर मंजिरी टॉवेल गुंडाळून ढिम्म. "मी नाही. एकदा जिंकले ना!"

मी बाईंना हजारदा सॉरी म्हटलं. त्यांनी मला ओल्याचिंब मिठीत घेतलं. "इतक्या वर्षांत मला उडी मारायचा धीर झाला नव्हता. तू मारायला लावलीस," त्या म्हणाल्या.

पुढे मंजिरी पुष्कळ शर्यती पोहली, दोन पदकंही आणली. तिची अट मात्र एकच असायची: बाबा बघायला येतील, आई घरी थांबेल!