हदगावच्या नोंदी

"सर, मी रोज भरून राहिले. फोनवर हिरवी टिक येते की," शोभाताई स्पीकरवर सांगत होत्या.

"मग इथं एक बी नोंद का न्हाई, ताई?" आमचे मॅनेजर बिरादार त्यांना म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. "काका, ॲपमध्ये काही आहे का?"

शोभाताई हदगाव भागातल्या गावांत पाण्याचे नमुने तपासायच्या. काम कंत्राटी. नोंदी आल्या नाहीत तर कंत्राट जाणार, हे लातूरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. नोंदींचं ॲप मी लिहिलेलं.

मी डीबगर लावला. डीबगर म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवून पाहायची सोय. माझ्या ओळी ठीक दिसल्या. त्यापुढे ॲप फोनच्या सिस्टिमचा कोड वापरतं, आणि तिथं स्क्रीनवर आलं, सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, उपलब्ध नाही. तो सोर्स कोणालाही मिळतो, फक्त डाउनलोड करायचा असतो. मला कंटाळा आला. एवढी मोठी सिस्टिम, जगभर चालते, तिच्यात काय बघायचं?

"ॲप बरोबर आहे," मी म्हणालो. "बाईच भरत नसतील."

"बघा हां, काका. मी क्लायंटला तसंच लिहून देतो."

"द्या."

शोभाताईंचं काम गेलं.

पुढं दुसऱ्याच एका कामासाठी तो सोर्स लागला. चहा होईपर्यंत उतरला. सहज तारखेचा भाग उघडला. आकडे लिहिताना सिस्टिम आधी विचारते, फोनची भाषा कोणती? आमचे सगळ्यांचे फोन इंग्रजीत, शोभाताईंचा मराठीत असणार. मी माझा मराठीत केला आणि नोंद पाठवली. तारीख मराठी आकड्यांत गेली. आमच्या सर्व्हरला फक्त इंग्रजी आकडे कळत. त्यानं ती गुपचूप नाकारली. माझ्या फोनवर मात्र हिरवी टिक. ती टिक नोंद फोनमध्ये जपल्याची होती, पोचल्याची नव्हती. तीही मीच ठेवलेली.

बिरादारांना सांगितलं.

"आता दुसरी बाई लागली, काका. क्लायंटला काय सांगू, आमचंच चुकलं म्हणून? कशाला उकरून राहिलात?"

मी उकरलं नाही. तारीख कायम इंग्रजी आकड्यांतच जावी म्हणून एक ओळ बदलली. नव्या व्हर्जनखाली लिहिलं, किरकोळ दुरुस्ती.

शोभाताईंच्या फोनमधलं ॲप कोणी काढलेलं नव्हतं. ते आपोआप अपडेट झालं आणि अडकलेल्या नोंदी एकामागून एक सर्व्हरवर येऊ लागल्या. गाव, विहीर, नमुना, तारीख. मधला एकही कामाचा दिवस सुटलेला नव्हता. बिरादार माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघत होते.

आता निवृत्त होऊन मी घरी असतो. क्लायंटच्या फाइलीत अजून 'नोंदी केल्या नाहीत' असंच असणार. म्हणून इथं लिहितो. शोभाताईंनी नोंदी केल्या होत्या. जो कोड मी उघडूनही पाहिला नव्हता, त्याच्या भरवशावर मी त्यांना खोटं ठरवलं.