बाईंचा सूर मी खाली घेतला

बाई गायला बसल्या की त्यांच्या डाव्या खांद्यामागे तंबोरा घेऊन मी बसते. पुष्कळ वर्षं झाली. राग कोणता चाललाय हे मला बहुतेक वेळा ओळखू येतं, पण का तोच, हे विचारलं तर सांगता यायचं नाही. माझी शाळा सातवीनंतर सुटली. तंबोऱ्याच्या चार तारा कशा लावायच्या एवढं मात्र बाईंनी हाताला धरून शिकवलं, आणि तेवढं मला येतं.

माझं गाव हदगावच्या पलीकडं. तिथून मी लातूरला आले ती पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटायला. मग बाईंकडे स्वयंपाकाला लागले. एका सकाळी तंबोऱ्यावर बसणारी मुलगी आली नाही, तेव्हा बाईंनी मला हाक मारली, ये, बस इथं. मी म्हटलं, हाताला लसणाचा वास हाय. त्या म्हणाल्या, मग धुऊन ये. गावात विहारात वंदना म्हणताना माझा आवाज पुढं असायचा, गाण्याशी माझा संबंध तेवढाच. त्या दिवसापासून पोळ्याही मी करते आणि तंबोराही मीच लावते. माहेरी आता कुणी नाही, सासरचं दार कधीच बंद झालं. बाईंच्या घराखेरीज मला जागा नाही, हे मी रोज मनात ठेवून वागते. त्यामुळे भितेही रोज.

गाणाऱ्याचा सा पेटीवरच्या एका पट्टीला धरलेला असतो. बाईंचा सा काळी पाचला, म्हणजे डावीकडून पाचव्या काळ्या पट्टीला. आमच्याकडचे जुने ऐकणारे तो आकडा गाडीच्या नंबरासारखा पाठ सांगायचे. बाईंना त्याचा अभिमान होता. साठी ओलांडली तरी सूर तसूभर खाली आला नाही, असं लोक म्हणायचे आणि बाई मान वळवून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग करोना आला. बाई दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. घरी आल्या तेव्हा बोलतानासुद्धा मधे थांबायच्या. पहिले कितीतरी महिने नुसता खर्ज, खालचे सूर. हळूहळू आवाज उघडला, पण वरचा सा लावायला गेल्या की दम तुटायचा आणि खोकला यायचा. एका सकाळी त्यांनीच मला तारा सैल करायला लावल्या. काळी चारला आल्यावर वरचा सा लागला. पूर्वीसारखा नव्हे, पण लागला. तेव्हापासून घरी आम्ही काळी चारलाच बसत होतो, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणीही अवाक्षर काढत नव्हतं.

नांदेडच्या उन्हाळी संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं ते त्यानंतर. दोन वर्षं महोत्सव नुसता फोनवर दाखवला होता, रिकाम्या खोलीत गाऊन. यंदा लोक समोर बसणार होते. सकाळच्या बैठकीची सुरुवात बाईंनी करायची होती. फोन ठेवून बाई म्हणाल्या, तिथं काळी पाच लावायचा. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "दोन वर्षांनी माणसं येतायत. घरातली माणसं गमावून येतायत. निदान मी तरी त्यांना होते तशी भेटू दे."

महोत्सवाला पंधरा दिवस होते. काळी पाचला वरचा सा फुटणार हे मला माहीत होतं. भर बैठकीत फुटला तर बाई पुन्हा बाहेर गाणार नाहीत, हेही माहीत होतं.

आदल्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. ऊन असं होतं की तंबोऱ्याच्या गवसणीवर, म्हणजे कापडी खोळीवर, मी ओलं फडकं टाकावं का याचा विचार करत होते. लाकडाला ओल चालत नाही म्हणून नाही टाकलं. बाईंनी लोहा येईपर्यंत तोंड उघडलं नाही, आवाज जपत होत्या.

पहाटे मी सभागृहामागच्या खोलीत दोन्ही तंबोरे उघडले. दुसऱ्यावर नांदेडचीच एक कॉलेजातली मुलगी बसणार होती. बाई शेजारच्या खोलीत तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या होत्या, त्यांना अर्धा तास तरी लागणार. मी तारा काळी पाचला चढवायला लागले. आणि तिथं माझ्या हातानं घोळ केला. काळी पाच आणि काळी चारच्या मधे एक पांढरी पट्टी असते, सहावी. मी तिथं थांबले. मनाशी म्हटलं, एवढंसं खाली, बाईंना कळणार नाही, आणि वरचा सा कदाचित निभेल. सांगितलेलं पुरतं मोडलंही नाही आणि बाईंना वाचवलंही, असा माझा हिशोब. आज लिहितानाही लाज वाटते. ज्या बाईनं मला सूर ऐकायला शिकवलं, तिला सूर कळणार नाही असं मी धरून चालले.

पेटीवाले काका आले. लातूरचेच, बाईंच्या बरोबरीचे, जिभेनं तिखट. त्यांनी पट्टी दाबून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली.

"हे पांढरी सहा हाय की गं. बाईंनी सांगितलं का?"

"हाव," मी म्हटलं.

"तुझं हाव लई बारीक निघून राहिलंय," ते म्हणाले. पण तबलजीला त्यांनी पांढरी सहाच सांगितली.

सभागृह भरलं होतं. माणसं एकमेकांना हात लावून बघत होती, खरंच आहे का समोरचा, असं. काहीजण रिकाम्या खुर्च्यांकडे बघून कुणाचं तरी विचारत होते आणि उत्तर ऐकून आपल्या जागी जाऊन बसत होते. बैठकीआधी या दोन वर्षांत गेलेल्या नेहमीच्या श्रोत्यांची नावं वाचली. यादी संपत नव्हती. सगळे उभे होते, आम्हीही व्यासपीठावर उभे. बाईंनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं.

खाली बसल्या. तंबोरे सुरू झाले. बाईंनी सा लावायला तोंड उघडलं आणि श्वास घेऊन तसाच थांबवला. मला पाठमोऱ्या दिसत होत्या, पण मान थोडी ताठ झाली ते दिसलं. कळलं होतं त्यांना. मग त्यांनी त्याच जागी सा लावला आणि तोडी सुरू केली.

दहा मिनिटं सगळं नीट चाललं. मी मनात म्हणत होते, निभलं, निभलं. मग त्या वर निघाल्या. निषादावर थांबल्या, वरच्या सा कडे गेल्या, आणि आवाज फुटला. कापड टरकावं तसा. मागून खोकला. पेटीवाल्या काकांनी झटकन पेटी मोठी करून ती जागा झाकली. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. सगळंच थांबलं. तंबोऱ्यावर माझी बोटं तेवढी चालली होती, तीही मी थांबवली.

त्या अर्ध्या वळल्या. समोर माईक होता, तो सगळं ऐकत होता.

"कुठं लावलायस?"

"पांढरी सहा."

"मी काय सांगितलं होतं?"

"काळी पाच." मी म्हटलं. "भ्या वाटलं, बाई."

पुढच्या रांगेत कुणीतरी हलकेच हसलं, वाईट हसणं नव्हतं ते. मला वाटलं, आता त्या उठतील. उठल्या नाहीत. थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग पुढे वळून लोकांना म्हणाल्या, "माझा आवाज आता काळी पाचला नाही. पांढरी सहालाही नाही. वर्ष झालं, आम्ही घरी काळी चारला गातो. तंबोरे उतरवून घेते. तुम्हाला थांबावं लागेल."

मी खुंटी सैल केली. उतरवलेली तार चट् बसत नाही, लावून झाली की थोडी वर सरकते. पुन्हा खाली घ्यावी लागते. तारेखालचा, झणकार आणणारा जवारीचा दोरा पुन्हा जागेवर आणावा लागतो. सभागृहात दोन मोठे कूलर घरघरत होते आणि त्यात मला जोडाच्या मधल्या दोन तारा वेगळ्या ऐकू येईनात. मी कान तंबोऱ्याच्या दांडीला लावला. तेवढ्यात मधल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले, काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि कूलरचं बटण बंद केलं. पलीकडचाही कुणीतरी बंद केला. मे महिन्याची नांदेडची सकाळ, आठ वाजले होते. घाम माझ्या हनुवटीवरून तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पडत होता. कुणी हललं नाही. तबलजीनं दुसरा तबला काढला, हातोडी अगदी हळू मारत होता. खर्जाची तार लागली तेव्हा बाईंनी न वळता नुसती मान हलवली.

मग त्या गायल्या. वरचा सा त्यांनी दोनदाच लावला. पूर्वी जिथं थांबून लोकांना दाखवायच्या, तिथून नुसत्या शिवून परत आल्या. टाळ्या किती पडल्या हे मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होते.

परतीला पेटीवाले काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसून झोपले. मी मागे बाईंशेजारी. मी मनाशी सामान बांधत होते, कोणती ट्रंक माझी, कोणतं भांडं माझं. लोह्याच्या अलीकडे बाई बोलल्या.

"खाली घ्यायचा होता तर तोंडावर सांगायचं. मी ओरडले असते. ओरडू द्यायचं."

"हाव."

"माझ्या कानाला फसवायला जाऊ नकोस पुन्हा."

"न्हाई जाणार."

लोहा मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "आवाज फुटला तो मागच्या रांगांना ऐकू गेला असेल का?"

नेहमीसारखं म्हणायला माझी जीभ वळलीच होती, न्हाई बाई, कुणाला काय कळतंय. ते मी गिळलं.

"समद्यांना ऐकू गेला," मी म्हटलं. "मागच्या दारापस्तोर."

बाईंनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. मग म्हणाल्या, उद्या पहाटे सहा वाजता बसू, आज दुपारी मला झोपू दे.