वाणातला दुसरा भाग

मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून माणसांच्या आधी पुस्तके बाहेर पडली. संस्थान विलीन झाले त्या वेळी सरदार घराण्यांचे ग्रंथसंग्रह फुटले होते. या खेपेस पाळी बदली झालेल्या अधिकाऱ्यांची होती. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत कपाटे मावत नाहीत. महाराज बाड्याच्या चौकात फुटपाथवर मांडलेल्या पुस्तकांवर अस्तित्वातच न उरलेल्या खात्यांचे शिक्के असत.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्‌सी. करत होते आणि जुनी शास्त्रीय पुस्तके जमवत होते. खगोलावरचा एक तीन भागांचा मराठी ग्रंथ दरबारच्या काळात येथेच शिळाछापावर छापला गेला होता. पहिला भाग मला बाड्यावर मिळाला, तिसरा नया बाजारातल्या रद्दीत. तिसऱ्यात पानोपानी ‘दुसऱ्या भागातील आकृती पाहावी’ असे लिहिले होते, आणि दुसरा भाग आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंच्या कपाटात होता. काकूंचे यजमान दरबारच्या शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले. काचेआडचे ते पुस्तक पाहिले की माझ्या पोटात दुखे.

काकूंचे बिऱ्हाडही मुलाबरोबर भोपाळला निघाले. पुस्तक विकणे म्हणजे सरस्वती विकणे, असे त्या घरी मानत. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुस्तकेच वाण म्हणून लुटायची असे त्यांनी ठरवले. परातीत पुस्तके, वर खण. सवाष्णीने खणाखाली हात घालून एक उचलायचे. मी आधीच जाऊन तो भाग मागितला. काकू म्हणाल्या की एकीला निवडून दिले तर बाकीच्यांना काय सांगू, आणि वाण तर सवाष्णीचे. माझे लग्न झालेले नव्हते.

मग मी संभाव्यतेचा विचार केला. आमच्या घरातून एकट्या आईऐवजी दोघी गेल्या तर शक्यता दुप्पट होते. दुसरी म्हणजे वहिनी. ती बिरला नगरची, मिलच्या वस्तीत वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी अक्षरे बोटाने लावत वाचायची. अशा बैठकीत तिला अवघडल्यासारखे होई. मी तिची मनधरणी केली, माझी रेशमी साडी नेसायला दिली, आणि मोठे, जाड, कापडी पुठ्ठ्याचे पुस्तक कसे चाचपायचे तेही समजावले.

आईच्या हाती स्तोत्रे आली. वहिनीच्या हाती दुसरा भाग.

ती घरी आली तेव्हा मी शेल्फावर जागा करून ठेवली होती. तिने साडी घडी घालून मला परत दिली आणि पुस्तक आपल्या खोलीत नेले. दोन दिवस मी वाट पाहिली, मग सरळ मागितले. ती ट्रंकेवर बसून ग्रहांची रंगीत चित्रे पाहत होती.

“वन्सं, तुमच्याजवळ तर दोन आहेत,” ती म्हणाली. “माझ्याजवळ हे एकच आहे.”

मी आईकडे गेले. वाण परत मागत नाहीत, एवढेच आई म्हणाली आणि भाजी निवडू लागली. माझ्या गणितात परातीतले प्रत्येक पुस्तक जमेस धरले होते. वहिनीला काही हवेसे वाटेल, हे धरले नव्हते.

त्यानंतरचे महिने मला कठीण गेले. वहिनी दुपारी वाचायची, अडले की मला शब्द विचारायची, आणि मी अर्थ सांगता सांगता पान उलटे वाचून घ्यायची. संध्याकाळी ती गच्चीवर शेजारणींना कृत्तिका दाखवू लागली. पुस्तकातली आकृती आणि आकाश यांचा मेळ तिला पटकन बसे; मला आधी दिशा ठरवाव्या लागत. शेजारणी माझ्याशी लग्नाविषयी बोलत आणि ग्रहांविषयी वहिनीला विचारत. पदवी मिळायची होती ती मला.

उन्हाळ्यात दादाची बदली झाली, अर्थात भोपाळलाच. सामान बांधताना वहिनी माझ्या दाराशी आली. पहिला भाग नेऊ का, वाचून परत पाठवीन, असे तिने विचारले. मी म्हटले, माझ्याकडचा संच मोडेल.

ती हसली. “मोडलेला तर आहेच, वन्सं.”

तरी मी दिला नाही.

गणपतीला दादा एकटाच आला. तिथल्या क्वार्टरांच्या अंगणात संध्याकाळी बायका जमतात, आणि काकूसुद्धा पाट घेऊन येतात, असे तो कौतुकाने सांगत होता. ज्यांच्या कपाटात ते पुस्तक वर्षानुवर्षे होते, त्या काकू आता वहिनीकडून गुरू आणि शनी ओळखायला शिकत होत्या. मला जेवण गेले नाही.

गेल्या आठवड्यात मी भोपाळच्या महाविद्यालयात व्याख्यातेपदासाठी अर्ज केला. तिथली प्रयोगशाळा नवी आहे आणि बढतीला वाव आहे. मुलाखतीत हेच सांगेन आणि ते खरेही आहे. आईने विचारले, राहशील कुठे. दादाकडे, असे मी म्हटले. पहिला आणि तिसरा भाग मी कापडात बांधून ठेवले आहेत. दोन्ही एका वेळी तिच्या हाती द्यायचे नाहीत, इतके मात्र ठरले आहे.